वाडीतला अंधार

हिरकणीवाडीची ओळख महाराष्ट्राला करून द्यावी लागत नाही. कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या लेकरासाठी एक गवळण कडा उतरून घरी आली, ही कथा शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. रायगडाच्या रज्जुमार्गाचे खालचे स्थानक याच वाडीत आहे. पर्यटक पाळण्यात बसून वर जातो. महाड-पोलादपूरच्या डोंगरातील अशा वाड्यांना वीज देणारी तार मात्र कोणत्या वाकलेल्या खांबावर लोंबते आहे, हे त्याला दिसत नाही. सरकारलाही ते वादळ येऊन गेल्यावरच दिसते.

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले. पहिला तडाखा श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड यांना बसला, पण वारा किनाऱ्यावर थांबला नाही. घरांची कौले व पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, जिल्ह्यात विजेचे हजारो खांब कोसळले. टाळेबंदीमुळे मुंबईचा रोजगार गमावून चाकरमानी नुकताच गावी परतला होता. त्याच्या डोक्यावरचे छप्परही गेले. अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. वीज गेली म्हणजे केवळ दिवा गेला असे नव्हे. नळयोजनेचा पंप थांबतो, पिठाची गिरणी थांबते, मोबाईलचे मनोरे मुके होतात आणि आपले घर पडले हे तलाठ्याला कळवण्याची सोयही उरत नाही. रेशनवरचे रॉकेल तर त्याआधीच आटले होते.

या काळात भर पावसात, साथीच्या भीतीत, चिखलातून खांब ओढून नेणाऱ्या वीज कामगारांना आम्ही दोष देणार नाही. आधी उपकेंद्र, मग मुख्य वाहिनी, मग शहर व रुग्णालय, शेवटी वाडी, हा दुरुस्तीचा क्रमही तांत्रिक दृष्ट्या चुकीचा नाही. मुळाशी वीज आल्याखेरीज ती शेंड्याला पोचणार नाही. परंतु शेवटचा क्रमांक कोणाचा हे जर आधीपासून ठाऊक आहे, तर तेवढ्या दिवसांची तजवीज त्या वाडीत आधीच का असू नये?

भरपाईचीही तीच तऱ्हा. बागायतीस हेक्टरी 50,000 रुपये, ही घोषणा ऐकायला भरघोस होती. कोकणातला बागायतदार हेक्टरात नव्हे, गुंठ्यांत मोजतो. गुंठ्याला हिशेब पडला सुमारे 500 रुपये. ओरड झाल्यावर झाडामागे मोजणी ठरली, ती सुपारीला 50 आणि नारळाला 250 रुपये. नवे रोप हाती उत्पन्न देईपर्यंत सहा-सात वर्षे जातात, त्या वर्षांचा भाव यात कोठे धरला आहे?

वर्ष उलटल्यावर लगेचच, 22 जुलै 2021 रोजी, महाड शहर पाण्याखाली गेले. तळियेत डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. रस्ते तुटले, वीज व दूरध्वनी बंद पडले, मदत पोचायला उशीर झाला. निसर्गच्या वेळी जो दुवा तुटला होता, तोच पुन्हा तुटला.

जागतिक बँकेच्या कर्जातून आखलेल्या चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पात अलिबाग शहरासाठी भूमिगत वाहिन्या धरण्यात आल्या. ते योग्यच झाले. डोंगरातील कातळ फोडून प्रत्येक वाडीपर्यंत तार पुरणे महाग आहे, हेही आम्ही जाणतो. पण खांब, तारा व रोहित्रे यांचा साठा पावसाळ्यापूर्वी महाड आणि पोलादपूर येथे करून ठेवणे, तारांवर आलेल्या फांद्या मे महिन्यात तोडणे, वायरमनच्या रिकाम्या जागा भरणे, नळयोजनेच्या पंपाला आणि ग्रामपंचायतीच्या दूरध्वनीला सौर पट्ट्यांचा आधार देणे, यांपैकी काय सरकारच्या ऐपतीबाहेरचे आहे?

ग्रामसभांना अजून अवधी आहे. दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या वाडीतले कललेले खांब आणि तारेवर झुकलेली झाडे मोजावीत, ती यादी ग्रामसभेच्या ठरावासह महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.