भेगेवर पहारा

बालमित्रांनो, अ‍ॅटलासमध्ये नॉर्वेचं पान उघडा बरं. पश्चिम किनारा कसा दिसतो? उंदरानं कागद कुरतडावा तसा! समुद्राचे चिंचोळे फाटे डोंगरांमधून आत, पार आत घुसलेले. हेच ते फियॉर्ड. त्यातला सोग्ने फियॉर्ड तर २०० किलोमीटरहून लांब आहे.

हे कोरले कुणी? बर्फानं! हिमयुगात प्रचंड जाडीच्या हिमनद्या डोंगर खरवडत समुद्राकडे सरकत होत्या. त्यांनी उभ्या भिंतींच्या खोल दऱ्या खोदल्या. मग बर्फ वितळला आणि दऱ्यांत समुद्र शिरला. गंमत म्हणजे सोग्ने फियॉर्ड आत सुमारे १३०० मीटर खोल, पण तोंडाशी बराच उथळ. तिथवर येताना हिमनदी पसरून पातळ झाली, तिचा जोर ओसरला.

सर्वांत देखणा म्हणाल तर गैरांगर फियॉर्ड. लांबी जेमतेम १५ किलोमीटर. २००५ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. कड्यावरून ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा कोसळतो. कड्यांच्या पोटात, पाण्यापासून शेकडो मीटर उंच, पूर्वी माणसं शेती करायची! सारावसुली करणारा आला की एक शेतकरी वर चढायची शिडीच ओढून घ्यायचा, असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे.

पण हे कडे वाटतात तितके पक्के नाहीत हं. बर्फ गेला तसा त्यांचा आधारही गेला. भेगांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि भेग रुंदावते. ७ एप्रिल १९३४ च्या रात्री जवळच्याच ताफियॉर्डमध्ये असा एक कडा पाण्यात कोसळला. लाट सर्वांत उंच जागी ६० मीटरवर चढली, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी! झोपेतली ४० माणसं दगावली.

आज सगळ्यांचे डोळे ओक्नेसच्या डोंगरावर आहेत. गैरांगरच्या शेजारच्याच फियॉर्डवरचा हा उतार दरवर्षी काही सेंटिमीटर सरकतोय. एवढ्याशा सरकण्यावरही यंत्रं रात्रंदिवस पहारा देतात. उतार कोसळण्याआधी त्याचा वेग वाढेल आणि गावं रिकामी करायला काही दिवस मिळतील, असा भूवैज्ञानिकांचा अंदाज आहे. तेवढे दिवस हवेतच. कारण दरड एकदा पाण्यात पडली, की लाट गैरांगर गावात पोचायला साधारण दहाच मिनिटं लागतील. हेलेसिल्ट गाव तर त्याहून जवळ. तिथं जेमतेम पाच!