विकलेल्या शेताचा नफा

परवा एक जुने खातेदार पासबुक घेऊन घरी आले. यवतमाळ शहरालगतचे शेत त्यांनी विकले होते. "साहेब, हा सारा नफाच का?"

बँकेतल्या नोकरीत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला. आलेली रक्कम म्हणजे नफा नव्हे. खरेदीची किंमत आणि सुधारणेचा खर्च वजा जाता उरतो तो नफा. जमीन वडिलोपार्जित असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. खेड्यातल्या शेतजमिनीला हा कर नाही. पण यवतमाळसारख्या लाखावर वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतली जमीन करात येते. दोन वर्षांत दुसरे शेत घेतले तर सवलत मिळते.

मी विचारले, "विहीर केव्हाची? २००१ नंतरची असेल तर खर्च वजा होईल. पावत्या आहेत?"

ते हसले. "पावती कायची, साहेब? विहीर तं मी अन् बायकोनं खोदली."

त्या घामाला कायद्यात रकाना नाही. म्हणून वाचकहो, कागद जपा, आणि अंतर मोजायचे ते इसार घेण्याआधी मोजा.