जन्मदाखल्याची समीक्षा आणि कथागीताची संहिता

२०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि गीत हे साहित्य आहे काय, हा वाद पुन्हा पेटला. त्या वादात दोन्ही पक्षांनी बहुधा एक गृहीत न तपासताच स्वीकारले : गीताचे शब्द कागदावर उतरवले की त्याची वाङ्मयीन प्रत ठरवता येते. लोकगीताच्या वळणाने रचना करणाऱ्या कवी-गायकाला मात्र याहून जाचक अशा दुसऱ्या परीक्षेस बसावे लागते. ज्या जगाचे गाणे तो गातो त्या जगात तो जन्मला आहे काय? हा प्रश्न वाङ्मयीन असल्याचे भासवले जाते. वस्तुतः तो जन्मदाखल्याचा प्रश्न आहे.

गिलियन वेल्च या अमेरिकी गायिकेच्या वाट्याला हा प्रश्न १९९६ सालच्या ‘रिव्हायव्हल’ या पहिल्या संग्रहापासून आला. जन्म न्यूयॉर्कचा, वाढ लॉस एंजेलिसची, दत्तक आईवडील दूरचित्रवाणीसाठी संगीत लिहिणारे, संगीताचे शिक्षण बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयात. अशा स्त्रीने अॅपलाचियन डोंगराळ मुलखातील अनाथांची आणि कष्टकऱ्यांची गाणी कोणत्या अधिकाराने गावीत, असा आक्षेप घेतला गेला. २००१ साली तिने सहकारी डेव्हिड रॉलिंग्ज यांच्यासह स्वतःच्या ‘अकोनी’ या संस्थेतर्फे ‘टाइम (द रेव्हलेटर)’ हा दहा गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. आक्षेपाचे उत्तर या संग्रहाच्या रचनेतच आहे. आक्षेपकांनी ते वाचण्याची तसदी घेतली नाही, ही खरी तक्रार आहे.

संग्रहातील पाचवे आणि आठवे गीत चौदा एप्रिल या एकाच तारखेवर उभे आहे. १८६५ साली त्या दिवशी लिंकनवर गोळी झाडली गेली. १९१२ साली त्या रात्री ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली. १९३५ साली त्याच तारखेला धुळीच्या वादळाने दक्षिणेकडील मैदानी प्रदेश काळोखला. या तीन आपत्तींच्या शेजारी पाचव्या गीतात चौथा धागा येतो : थोडक्या पैशांत पाच वाद्यवृंद ऐकवणारा, कोणाच्याही स्मरणात न राहणारा एक फुटकळ जलसा. इतिहासाने नोंदवलेले आणि इतिहासाच्या खिजगणतीत नसलेले एकाच सुरावटीत, एकाच अलिप्त आवाजात सांगितले जाते. कार्यकारणभाव कोठेही जोडून दिलेला नाही. तो जोडण्याचे काम श्रोत्याचे आहे. आठव्या गीतात हीच सामग्री गती बदलून, तुटक होऊन परतते. मधल्या दोन गीतांनी पडलेले अंतर हाही निवेदनाचाच भाग आहे. कागदावर एक गीत वेगळे काढून वाचणाऱ्याला हे दिसणे शक्य नाही.

शिवाय ही सामग्री ‘अनुभवा’ची नाही, परंपरेची आहे. ‘टायटॅनिक’वर ब्लाइंड विली जॉन्सन यांनी १९२९ साली गीत ध्वनिमुद्रित केले होते, १९३५ च्या वादळावरील वुडी गथ्री यांचे गीत तारखेच्या उच्चारानेच सुरू होते. वेल्च या गीतांशी बोलते आहे. एल्विस प्रेस्लीवरील गीतात ती त्याच्या दीर्घ ऱ्हासाशेजारी जॉन हेन्रीला उभे करते. यंत्राशी स्पर्धा करून हातोडा हातात असताना कोसळलेला तो कृष्णवर्णीय लोकनायक आणि यशाच्या शिखरावर एकाकी झालेला गोरा गायक, यांपैकी कोणाचे मरण सुखाचे, हा प्रश्न गीत विचारते. आत्मचरित्र शोधणाऱ्या समीक्षेला येथे काहीच हाती लागणार नाही.

अस्सलपणाची ही कसोटी तरी कोठून आली? १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कृष्णवर्णीयांची आणि डोंगराळ गोऱ्यांची गाणी वेगवेगळ्या सूचींत विभागली. प्रत्यक्षात कार्टर कुटुंबाच्या ए. पी. कार्टर यांच्याबरोबर गाणी गोळा करीत हिंडणारे लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय वादक होते. म्हणजे ज्या ‘शुद्ध’ परंपरेचे वारसपत्र वेल्चकडे मागितले जाते, ती शुद्धता विक्रीच्या सोयीने घडवलेली आहे.

मराठी समीक्षेला हा पेच परका नाही. ‘अनुभूतीची प्रामाणिकता’ हे निकषपद येथे दीर्घकाळ चलनात आहे. ते काटेकोर लावायचे तर पैठणच्या ब्राह्मण एकनाथांनी महाराच्या मुखाने घातलेल्या ‘जोहारा’चे काय करायचे? पुरुष शाहिरांनी स्त्रीच्या मुखाने रचलेल्या लावणीचे काय? पात्रमुखी निवेदन हा लोकपरंपरेचा प्राण आहे, आणि लोकपरंपरेचा कैवार घेणारीच समीक्षा त्यावर संशय घेते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. दलित साहित्याने जगलेल्या अनुभवाचा आग्रह धरला, तो चुकीचा होता काय? मुळीच नाही. पिढ्यानपिढ्या ज्यांच्याविषयी इतरच बोलले त्यांनी साक्षीचा अधिकार मागणे हे न्याय्य होते व आहे. ‘जोहारा’लाही त्या अधिकारापुढे उत्तर द्यावेच लागेल. परंतु साक्ष आणि कथन यांचे करार भिन्न आहेत. साक्ष देणारा ‘हे माझ्यावर गुदरले’ असे म्हणतो. कथागीताचा निवेदक तसा दावाच करीत नाही. न केलेल्या दाव्याबद्दल त्याला खोटा ठरवल्याने साक्षीचे मोलही वाढत नाही, उलट ‘प्रामाणिकता’ हा शब्दच पोकळ होतो. परक्या आवाजाने येथे कोणाचा आवाज दडपला, हे विचारणे रास्त आहे. पण त्याचे उत्तर संहितेत व तिच्या व्यवहारात शोधावे लागते, जन्मस्थळात नव्हे.

व्यवहाराचा हा प्रश्न वेल्चने स्वतःच उपस्थित केला आहे. गाणी संगणकावरून फुकट वाटली जाऊ लागली त्या काळात रचलेले संग्रहातील नववे गीत, मोबदला बुडाला तरी गाणारा गातच राहणार, हे जाणणाऱ्या बाजाराविषयी आहे. त्यापाठोपाठ येणारे शेवटचे गीत चौदा मिनिटांहून अधिक काळ चालते. दोन आवाज, दोन गिटारी आणि संथ पुनरावृत्ती यांतून कथा पुढे सरकण्याऐवजी पसरत जाते. तो कालावधी हाच त्या गीताचा आशय आहे आणि त्याचे मोजमाप ऐकूनच होते.

पदव्युत्तर वर्गात गीत ‘लोकसाहित्य’ या वेगळ्या प्रश्नपत्रिकेत कोंडले जाते व कथनमीमांसा कादंबरीपुरती राखून ठेवली जाते. ही विभागणी मोडल्याशिवाय ना ‘टाइम (द रेव्हलेटर)’ वाचता येईल, ना भारूड. गायिका कोठे जन्मली हे माहीत असणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्या गीतात कोण बोलते आहे, कोणाशी आणि किती वेळ, हे आधी सांगावे; जन्मस्थळाची चर्चा त्यानंतर करता येईल.