पाण्याखालच्या अरण्याचे दप्तर

जमिनीवरचे अरण्य उजाड झाले की वाटसरूलाही ते दिसते. समुद्रातील अरण्याची गोष्ट निराळी. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यालगत केल्प नावाच्या उंच तपकिरी शैवालाची दाट वने होती. २०१३ साली तेथील तारामाशांत रोगाची साथ पसरली. पाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात समुद्र असाधारण तापला. अर्चिन या काटेरी प्राण्यांना खाणारा सूर्यफूल तारामासा जवळजवळ नाहीसा झाला, अर्चिनांना रान मोकळे मिळाले आणि त्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प फस्त केले. केल्पवर जगणारे अ‍ॅबलोनी नावाचे मोठे कवचधारी प्राणी उपासमारीने मेले. २०१८ पासून ते पकडण्यावर बंदी घालावी लागली.

उपग्रहाला या वनाचा पृष्ठभागावर तरंगणारा माथा तेवढा दिसतो. तो विरळ झाला हे उपग्रह सांगतो. तळाशी अर्चिनांची दाटी झाली आहे, हे पाण्यात उतरल्यावाचून कळत नाही. म्हणूनच पाणबुड्यांच्या पाहणीला आणि व्हिडिओ चित्रणाला महत्त्व आहे. त्याच राज्याच्या दक्षिणेकडील चॅनेल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानात १९८२ पासून ठरावीक ठिकाणी अशी पाहणी चालू आहे. पाणबुडा मोजणी करतो, तेव्हा त्याला जे मोजण्याजोगे वाटते तेवढेच कागदावर उतरते. चित्रफितीत मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानीही न आलेले टिकून राहते आणि वीस वर्षांनी दुसरा अभ्यासक तीच मोजणी पुन्हा ताडून पाहू शकतो.

अर्थात कॅमेरा म्हणजे जादूची कांडी नव्हे. गढूळ पाण्यात तो आंधळा होतो. कपारीत दडलेला अर्चिन त्याला सापडत नाही. तासन्‌तासांचे चित्रण पाहण्यास संगणकाची मदत आता मिळते, तरी जाणत्या डोळ्यांची गरज संपलेली नाही.

खरा धोका वेगळाच आहे. काही विपरीत घडत नाही त्या वर्षी पाहणीवरचा खर्च व्यर्थ वाटतो आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तिच्यावरच पडते. परंतु निरोगी वन कसे होते याची नोंदच नसेल, तर हानी किती झाली हे कशाशी ताडून ठरवायचे आणि पुनर्लागवड यशस्वी झाली हे तरी कशावरून म्हणायचे? दप्तराची आठवण संकटात होते. ते लिहावे लागते मात्र सुखाच्या दिवसांत. तेवढी दूरदृष्टी शासनांनी दाखविली, तरच ही वने सावरण्याच्या प्रयत्नांना काही आधार राहील.