रोमची पहिली ओळख

प्राचीन रोमचा इतिहास प्रथमच हाती घेणारा वाचक पुष्कळदा दहावीस पानांतच थबकतो. सम्राटांची, सेनापतींची आणि लढायांची परकी नावे त्याच्यापुढे रांगेने उभी राहतात आणि हा विषय आपल्यासाठी नव्हे, असा ग्रह करून घेऊन तो पुस्तक मिटून ठेवतो. वास्तविक दोष विषयाचा नसतो. आरंभ कोठून करावा, हे ठाऊक नसते इतकेच. मराठी वाचकाने हा आरंभ टायबर नदीच्या काठी न करता स्वतःच्या घरी करावा, असे आम्ही सुचवितो.

भिंतीवरील दिनदर्शिकाच घ्या. जुलै हे नाव ज्यूलियस सीझरवरून आले, ऑगस्ट हे सम्राट ऑगस्टसवरून. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या नावांत तर आपले सप्त, अष्ट, नव आणि दश स्पष्ट ऐकू येतात, कारण लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातील बहिणी होत. मग सप्टेंबर हा सातवा महिना नसून नववा कसा? रोमनांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होत असे, हे त्याचे उत्तर. मुलांना हा एक प्रश्न घालून पाहावा; रोमचे दार आपोआप किलकिले होईल.

घरातून बाहेर पडून महाराष्ट्राच्या मातीकडे वळावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण आणि तगर या बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथील कापड आणि पैठणचे गोमेद गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोचला जात व तेथून जहाजांत चढत. तेरला हस्तिदंताची एक सुबक स्त्रीमूर्ती सापडली आहे. तिच्याच जातीची एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई नगरात मिळाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात भारतीय कारागिराचे काम कोणा गृहस्थाने हौसेने ठेवले होते! इकडे कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास ब्राँझच्या वस्तूंचा साठा हाती लागला. त्यात पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी मूर्ती होती. रोमन लोक याच देवतेला नेपच्यून म्हणत.

या व्यापाराचा जमाखर्चही वाचण्याजोगा आहे. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरसाल दहा कोटी सेस्टर्स आपल्या साम्राज्यातून ओढून नेतात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली होती.

आता थोडे कुटुंबाकडे पाहू. रोमन घरात चुलीजवळ कुलरक्षक देवतांची पूजा होई. हे वाचून आपल्याला देवघर आठवेल. परंतु साम्य दिसताच तेथेच थांबू नये. रोमन मुलीला बहुधा स्वतःचे असे नाव नसे. ज्यूलियस कुळातील प्रत्येक मुलगी ज्यूलिया. बहिणी दोन असल्या तर थोरली आणि धाकटी एवढाच भेद. याउलट आपला सातवाहन राजा स्वतःस गौतमीपुत्र म्हणवून मातेचे नाव पुढे करीत होता. तसेच, ज्या राजमार्गांचे आणि स्नानगृहांचे आपण कौतुक करतो, त्यांमागे असंख्य गुलामांचे कष्ट होते, याचाही विसर पडू देऊ नये.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांनी हिरमुसण्याचे कारण नाही. जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तेर दूर पडेल. पण जयपूरच्या परिसरातील बैराट येथे दयाराम साहनी यांनी १९३५-३६ मध्ये केलेल्या उत्खननात मिनँडर आणि इतर ग्रीक राजांची चांदीची नाणी मिळाली. ही नाणी रोमन नव्हेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. आपल्या पूर्वजांनी ‘यवन’ हा एकच शब्द पश्चिमेकडील अनेकांना लावला. ग्रीक कोण आणि रोमन कोण, हे वेगळे करणे हाच नवशिक्याचा पहिला चांगला अभ्यास होय.

एवढी तयारी झाली की चारच खुणा पाठ कराव्यात: परंपरेनुसार रोमची स्थापना इसवी सनापूर्वी ७५३, प्रजासत्ताक ५०९, ऑगस्टसचा अंमल २७ आणि पश्चिम साम्राज्याचा अंत इसवी सन ४७६. त्यांच्या शेजारी सातवाहनांचा काळ लिहून ठेवावा. मग पुस्तकातील नावे परकी वाटणार नाहीत; ज्या लोकांशी आपल्या विणकरांनी आणि गाडीवानांनी एके काळी व्यवहार केला, त्यांचीच ती नावे आहेत.