मानधन नको, पगार द्या

मराठीत ‘मानधन’ नावाचा एक लबाड शब्द आहे. ज्याला पूर्ण पगार द्यायचा नसतो, त्याला मानधन देतात. आशाताईंना मानधन, अंगणवाडीताईंना मानधन, आणि संस्थांसाठी गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनाही मानधनच. धन कमी पडलं की त्यात मान मिसळायचा. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असं सांगितलं. नाव काहीही द्या, काम ते काम. सामाजिक संस्थांच्या जगात मात्र ही साधी गोष्ट अजून पोचलेली नाही.

मी नऊ वर्षं अशा संस्थांमध्ये नोकरी करतेय. माझं काम निधी उभा करण्याचं: प्रपोजल लिहायचं, बजेट बसवायचं, देणगीदाराला अहवाल पाठवायचा. पैसा कुठून येतो आणि कुणाच्या ताटातून कापला जातो, ही दोन्ही टोकं मला रोज दिसतात. म्हणून सांगते, कुठल्याही संस्थेचा पहिला देणगीदार तिचा कर्मचारी असतो. बाहेर मिळाला असता तो पगार आणि हातात पडतो तो पगार, यातला फरक तो दरमहा संस्थेला देत असतो. ही देणगी द्यायची का, असं त्याला कुणी विचारलेलं नसतं. ८०जी ची पावती तर नाहीच नाही.

याचं मूळ एका प्रश्नात आहे. ‘माझ्या शंभर रुपयांतले किती खरंच गरजूंपर्यंत पोचतात?’ प्रश्न वरवर चोख वाटतो. त्यामागचा समज असा, की मदत म्हणजे वस्तू आणि माणसं म्हणजे मधली गळती. पण पाड्यावरच्या मुलांना वाचायला शिकवायचं, तर पुस्तकं आणि सतरंजी एकदा घेतली की झालं. रोज लागते ती शिकवणारी ताई. मारहाणीतून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईला समुपदेशक लागते, कोर्टात सोबत येणारं कुणीतरी लागतं. इथे पगार म्हणजेच कार्यक्रम. पण टॅब वाटले की फोटो निघतो. समुपदेशकाच्या पगाराचा फोटो निघत नाही.

या समजाला नियमांचंही बळ मिळालं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करणं भाग पाडलं. त्यात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराची, संस्थेच्या खर्चाची नव्हे. मंत्रालयानं ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांत हे स्पष्टही केलं. तरी मला समोरून ऐकायला मिळतं, ‘मॅडम, ॲडमिन पाच टक्क्यांच्या वर नको.’ परदेशी निधीचा कायदा तर २०२० मध्ये थेटच बदलला: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेनं आपल्या परदेशी निधीतून छोट्या संस्थेला पैसे देणं बंद झालं. सामान्य माणसाच्या देणगीचंही तेच. २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या कररचनेत ८०जी ची सवलतच नाही.

मग आम्ही काय करतो? कसरत. अकाउंटंट एका प्रकल्पात ‘सहायक’ म्हणून २५ टक्के बसतो, दुसऱ्यात ‘दस्तऐवजीकरण’ म्हणून ३० टक्के. ऑफिसचं भाडं ‘प्रशिक्षण केंद्र’ होतं. माणसं अकरा महिन्यांच्या करारावर. वीस कर्मचारी झाले की पीएफ लागू होतो, म्हणून अनेक ठिकाणी उरलेले ‘सल्लागार’ असतात. ३१ मार्चला प्रकल्प संपतो, नवा करार जून-जुलैत येतो. मधल्या काळात वस्तीतल्या बायकांचे फोन थांबत नाहीत आणि ताई ते उचलते. तेवढे महिने बिनपगारी.

तक्रार करायची तर कुठे? २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं धर्मादाय आणि सामाजिक काम करणाऱ्या संस्था ‘उद्योगा’च्या व्याख्येतूनच वगळल्या. इतरांच्या हक्कांसाठी मोर्चे काढणारी माणसं स्वतः कामगार आहेत की नाहीत, याचंच उत्तर धड नाही.

किती ठिसूळ आहे हे सगळं, ते नुकतंच दोनदा दिसलं. जून २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे जिथे समाजकार्य शिकवतात तिथेच, पन्नासहून अधिक प्राध्यापकांना आणि सुमारे साठ शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना काम थांबल्याच्या नोटिसा गेल्या. कारण, ट्रस्टचं अनुदान आलं नव्हतं. ओरड झाली आणि दोनच दिवसांत नोटिसा मागे घेतल्या. पाड्यावरच्या ताईसाठी अशी ओरड कोण करणार? पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली, आणि हैदराबाद, ठाणे आणि पुण्यातली ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीची ‘मित्र’ क्लिनिकं बंद पडली. सही वॉशिंग्टनमध्ये झाली, दार पुण्यात लागलं.

आता आपल्या लाडक्या युक्तिवादाकडे येते: ‘सामाजिक काम म्हणजे त्याग.’ महाराष्ट्राला या परंपरेचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, तेव्हा पगाराची चौकशी केली नव्हती. पण त्याग स्वतःचा करायचा असतो. दुसऱ्याच्या पगारपत्रकात तो लिहायचा नसतो. शिवाय हा त्याग सगळ्यांना सारखा परवडत नाही. ज्याचं पुण्यात वडिलांचं घर आहे, तो वीस हजारांवर पाच वर्षं काढतो आणि पुढे संस्थेचा संचालक होतो. नंदुरबारहून आलेली, घरातली पहिली पदवीधर मुलगी दोन वर्षांत स्पर्धा परीक्षेकडे वळते, कारण तिला घरी पैसे पाठवायचे असतात. मग वंचितांबद्दलचे निर्णय घेणाऱ्या टेबलाभोवती वंचितांमधलं कुणी का नसतं, यावर आपण परिसंवाद भरवतो. तोही निधी मिळवूनच.

‘पण संस्था पैसे खातात त्याचं काय?’ काही खातात. देणगीदाराचा संशय अगदीच अनाठायी नाही. पण चोरी पकडायला चांगला हिशेबनीस लागतो, अंतर्गत तपासणी लागते, नोंदी ठेवणारा माणूस लागतो. हीच पदं ‘ॲडमिन’ म्हणून पहिली कापली जातात. कुलपाचे पैसे वाचवायचे आणि चोरांच्या नावानं बोटं मोडायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

आणि आमच्या क्षेत्रातले ज्येष्ठही धुतल्या तांदळासारखे नाहीत. कमी ॲडमिन दाखवण्याची शर्यत त्यांनीच लावली. ‘आमच्याकडे शंभरातले पंच्याण्णव थेट लाभार्थ्यांना’ असं छापताना ते पाच रुपये कुणाकुणाच्या पोटाला चिमटा काढून जमवले, हे कुणी छापत नाही.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी काही जण महिन्याला पाचशे रुपये देत असतील, काही जण उद्या इथे नोकरीला येतील. देणाऱ्यांना माझं सांगणं: एकदा हजार देण्यापेक्षा दरमहा शंभर द्या, आणि ‘पगारासाठी वापरले तरी चालतील’ असं लिहून द्या. किती टक्के ॲडमिन हे विचारण्याआधी, तुमच्या माणसांना पीएफ आहे का, हे विचारा. सीएसआरमध्ये नोकरी करत असाल, तर करार तीन वर्षांचा करा आणि पहिला हप्ता एप्रिलमध्येच सोडा.

आणि येणाऱ्यांना: मुलाखतीत पगार, सुट्ट्या, प्रकल्प संपल्यावर काय, हे सगळं विचारा. विचारल्यामुळे तुमची निष्ठा कमी ठरवणारी संस्था असेल, तर तिथून सरळ उठा. तुम्ही टिकलात तरच काम टिकेल. दर दोन वर्षांनी नवी ताई आली, की वस्तीतल्या बाईला आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. आपण वाचवलेल्या पैशांची किंमत शेवटी तीच मोजते.