तबकडीची प्रत आणि मालकीचा प्रश्न

चित्रपटाच्या तबकडीची घरगुती प्रत काढणे ही एकतर चोरी आहे किंवा हौशी पोरांचा उद्योग, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे हा प्रश्न तर विचारार्हही मानला जात नाही. हा समज चुकीचा आहे आणि आळशीही आहे.

प्रथम चोरीचा आरोप पाहू. डीव्हीडीवर सीएसएस नावाचे कुलूप असते. ते उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम 1999 साली प्रसृत केल्याबद्दल नॉर्वेच्या यॉन योहान्सनवर खटला झाला. 2003 मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. आपल्या प्रताधिकार कायद्यात 2012 साली आलेले कलम 65अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. कलम 52 खाजगी उपयोगासाठीचा न्याय्य वापर हक्कभंग मानत नाही. विकत घेतलेली तबकडी घरी पाहता यावी म्हणून जपणारा आणि तिच्या शंभर प्रती फुटपाथवर विकणारा यांना एकाच पंक्तीला बसवणे ही नैतिकता नव्हे, विचारशून्यता आहे.

आता निवडीचा प्रश्न. तिच्या कसोट्या दोनच: प्रतीत मूळ चित्र तसेच राहते का, आणि सॉफ्टवेअर बनवणारा उद्या नाहीसा झाला तरी ती प्रत उघडेल का? एकथरी कोऱ्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावत, तर दुथरी तबकडीत 8.5 जीबीपर्यंत, म्हणून डीव्हीडी श्रिंकने चित्र आवळण्याची रीत पडली. हार्ड डिस्क टेराबाइटच्या झाल्यावरही ती रीत चालू ठेवणे म्हणजे ग्रंथाचा सारांश ठेवून ग्रंथ रद्दीत घालणे होय. हँडब्रेक मुक्त आहे, गुणीही आहे. परंतु चित्राचे नव्याने संकोचन करणे हेच त्याचे काम. मोबाइलवर पाहण्यासाठी ते ठीक, जतनासाठी नव्हे. मेकएमकेव्ही मात्र मूळ चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके न आवळता खुल्या एमकेव्ही फाइलीत ठेवते, आणि ती फाइल व्हीएलसीसारख्या कोणत्याही मुक्त प्लेअरवर चालते. 'एका क्लिकमध्ये सर्व काही' म्हणत स्वतःच्याच प्लेअरमध्ये उघडणारी फाइल देणारे विकाऊ सॉफ्टवेअर एक कुलूप काढून दुसरे लावते. डीव्हीडी एक्स कॉपी विकणारी 321 स्टुडिओज ही कंपनी 2004 साली न्यायालयीन लढाईत बंद पडली, हे विसरू नये.

'स्ट्रीमिंग असताना हा खटाटोप कशाला?' असे विचारणाऱ्यांनी मोझर बेअर आठवावी. स्वस्त तबकड्यांतून तिने कितीतरी मराठी चित्रपट घराघरांत पोचवले; 2018 साली तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. तबकडी निदान आपल्या कपाटात उरली. स्ट्रीमिंगमध्ये कपाटच दुसऱ्याचे असते. करार संपला की चित्रपट निघून जातो, आणि जाताना प्रेक्षकाला विचारत नाही.

पुण्यात 2003 च्या जानेवारीत लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कित्येक नायट्रेट प्रती जळाल्या. सरकारी संग्रहालयाची ही गत, तर एका ओरखड्याने निकामी होणाऱ्या तबकडीच्या भरवशावर आपण किती काळ निश्चिंत राहणार? ग्रंथाच्या दुर्मीळ आवृत्तीसाठी जीव टाकणाऱ्यांनी चित्रपटाच्या बाबतीत उदासीन राहावे, याचा अर्थ एवढाच की आपण चित्रपटाला अजून वाङ्मयाच्या बरोबरीचे मानलेले नाही.